ट्रकच्या आतली तार राखायची कशी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

अवजड ट्रकच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा वेग दाखवणारा काटा इंजिनाला जोडलेला नसतो. इंजिनाचा संगणक दोन तारांच्या जोडीवर एक आकडा टाकतो, डॅशबोर्ड तो आकडा वाचतो आणि काटा तेवढा सरकवतो. तोच आकडा त्या तारांवर दुसऱ्या कुणी टाकला तरी काटा तितक्याच विश्वासाने सरकतो. ट्रकच्या या तारा सायबर हल्ल्यापासून जपायच्या कामात नवीन असलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच दाखवते. ते डोळ्यांनी पाहिलं की पुढचं बरंच समजावून सांगावं लागत नाही.

हा लेख फ्लीटची, म्हणजे ट्रकांच्या ताफ्याची, देखभाल पाहणाऱ्यांसाठी, वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञांसाठी, ट्रकवर ट्रॅकर आणि तत्सम उपकरणं बसवणाऱ्यांसाठी आणि या विषयात पडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. थोडीफार इलेक्ट्रिकची समज आणि संगणकाची ओळख पुरेशी आहे. बरेच जण एन्क्रिप्शन, चाव्या, प्रमाणपत्रं यांपासून सुरुवात करतात. माझा अनुभव वेगळा आहे. आपल्या ट्रकच्या तारेवर कोण कोण बसलंय आणि त्यांतल्या कुणाला बाहेरच्या जगाशी बोलता येतं, एवढं ठामपणे सांगता आलं की अर्ध्याहून जास्त धोका दिसायला लागतो. म्हणून पायऱ्याही मी त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: तारेवर काय चाललंय ते समजून घ्या

त्या दोन तारांना कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे आणली. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. कुणी बोलत नसेल तेव्हा दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. कुणी ‘०’ बिट पाठवला की एक तार साडेतीनपर्यंत चढते आणि दुसरी दीडपर्यंत उतरते. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरीची जोडणी सोडवून डायग्नोस्टिक पोर्टच्या (बिघाड तपासायचं साधन जिथे लावतात त्या जोडणीच्या) कॅनच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावला तर ६० ओहम दिसायला हवेत.

हे मोजमाप नीट लक्षात ठेवा. ६० ऐवजी ४० दिसले, तर तारेवर कुठेतरी १२० ओहमचा तिसरा रोध बसलेला असण्याची शक्यता मोठी. कुणीतरी पूर्वी एखादं उपकरण जोडलं, त्याच्या आतच रोध होता आणि ते तसंच राहून गेलं, असं अनेकदा निघतं. म्हणजे यादीत नसलेला पाहुणा साध्या मल्टिमीटरनेही सापडू शकतो. रोध नसलेलं उपकरण मात्र असं सापडत नाही. ते हार्नेसवर, म्हणजे तारांच्या जुडग्यावर, हात फिरवूनच शोधावं लागतं.

ट्रक, बस, ट्रॅक्टर आणि बांधकामाच्या यंत्रांमध्ये कॅनच्या वर जी भाषा बोलली जाते ती म्हणजे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची जे१९३९. वेग सेकंदाला २,५०,००० बिट, नव्या गाड्यांत ५,००,०००. प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर २९ बिटांचा ओळखक्रमांक असतो. त्यात तीन गोष्टी भरलेल्या असतात: संदेश किती तातडीचा आहे, तो कशाबद्दल आहे आणि तो कुणी पाठवला आहे. त्यामागे जास्तीत जास्त आठ बाइट माहिती. ‘कशाबद्दल’ या भागाला सगळे पीजीएन म्हणतात आणि पाठवणाऱ्याच्या क्रमांकाला सोर्स ॲड्रेस. इंजिनाचा पत्ता ०, गिअरबॉक्सचा ३, ब्रेकच्या संगणकाचा ११. हे आकडे जे१९३९ च्या प्रमाणात, म्हणजे तिच्या ठरलेल्या लेखी नियमांत, जाहीर आहेत, त्यात लपवाछपवी काही नाही.

एक संदेश हाताने उलगडून पाहू. पीजीएन ६१४४४, पाठवणारा ०. म्हणजे इंजिन आपला वेग सांगतंय. चौथा बाइट १०४ आणि पाचवा १९ आहे असं धरा. या भाषेत लहान वजनाचा बाइट आधी येतो, म्हणून १९ गुणिले २५६ अधिक १०४, म्हणजे ४९६८. प्रत्येक एकक ०.१२५ फेऱ्यांचं. उत्तर मिनिटाला ६२१ फेऱ्या, म्हणजे इंजिन निवांत उभ्यानं चालू आहे. असे चार-पाच संदेश कागदावर स्वतः सोडवा. सॉफ्टवेअर हे क्षणात करून देतं, पण हाताने केल्यावर एक गोष्ट आपोआप जाणवते: या सगळ्यात ‘हा संदेश खरंच इंजिनानेच पाठवला’ याचा पुरावा कुठेच नाही. पत्त्याच्या जागी ० लिहिणं एवढीच इंजिन असल्याची ओळख.

आता पीजीएन ० पाहा. याला टीएससी१ म्हणतात. गिअर बदलताना गिअरबॉक्स किंवा चाकं घसरत असताना ब्रेकचा संगणक इंजिनाला या संदेशाने सांगतो की वेग इतका ठेव, टॉर्क (फिरवण्याचा जोर) एवढाच दे. गाडी नीट चालायला हा संदेश हवाच. पण तो पाठवणारा पत्त्याच्या जागी ३ लिहितो, आणि इंजिन तेवढ्यावर विश्वास ठेवतं. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ सालचा एक अवजड ट्रक आणि २००१ सालची एक शाळेची बस घेऊन हे करून दाखवलं. डॅशबोर्डवर खोटे आकडे, चालकाने पाय न लावता वाढलेला इंजिनाचा वेग आणि ताशी ३० मैलांच्या खाली निकामी केलेला इंजिन ब्रेक. त्यासाठी त्यांनी काही फोडलं नाही, प्रमाणात लिहिलेले संदेशच पाठवले. ते तारेला प्रत्यक्ष जोडलेले होते, हेही ध्यानात ठेवा. मग खरा प्रश्न हा उरतो की तारेपर्यंत पोहोचायला आज प्रत्यक्ष ट्रकमध्ये शिरावं लागतं का.

खोटं बोलण्याशिवाय आणखी तीन प्रकारे त्रास देता येतो. एक, गर्दी करणं. दोघं एकाच वेळी बोलले तर ज्याचा ओळखक्रमांक लहान तो जिंकतो, दुसरा थांबतो. २,५०,००० च्या वेगाला एक पूर्ण संदेश जायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. कुणी सर्वांत लहान क्रमांकाचे संदेश अखंड ओतत राहिला तर बाकी सगळे गप्प. दोन, चुका घडवणं. प्रत्येक संगणक आपल्या चुकांची मोजणी ठेवतो. पाठवतानाच्या चुकांचा आकडा २५६ ला पोहोचला की तो स्वतःच तारेवरून बाजूला होतो. हा नियम बिघडलेल्या संगणकाने इतरांना त्रास देऊ नये म्हणून आहे, पण मुद्दाम चुका घडवून चांगल्या संगणकालाही बाहेर काढता येतं. तीन, पत्ता बळकावणं. जे१९३९ मध्ये प्रत्येक जण पीजीएन ६०९२८ ने ‘हा पत्ता माझा’ असं जाहीर करतो आणि दोघांनी एकच पत्ता मागितला तर ज्याचं ६४ बिटांचं नाव आकड्याने लहान त्याला तो मिळतो. खोटं लहान नाव सांगणारा खऱ्याला घराबाहेर काढू शकतो.

पायरी २: हात लावण्याआधी

थोडक्यात सांगते, पण यात सूट नाही. ट्रक तुमचा असेल किंवा मालकाची लेखी परवानगी असेल तरच हात लावा. गाडी सपाट जागी उभी, चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक ओढलेला. रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकच्या तारेवर सरावासाठी एकही संदेश पाठवायचा नाही. चाळीस टन वजन हलत असताना प्रयोगाला जागा नसते.

पायरी ३: टेबलावर सराव

पहिले दोन आठवडे ट्रकची गरजच नाही. लिनक्समध्ये २००८ पासून सॉकेटकॅन नावाची सोय आहे, मुळात फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाने दिलेली. तिच्यात आभासी कॅन तार तयार करता येते, जिला कुठलंही हार्डवेअर लागत नाही. कॅन-यूटिल्स या मोफत संचातलं कॅनडंप ऐकायला, कॅनसेंड पाठवायला, कॅनप्लेयर आधी नोंदवलेलं पुन्हा वाजवायला. एका खिडकीत पाठवा, दुसरीत ऐका. इंजिनाचा वेग सांगणारा संदेश स्वतः तयार करा. मग एकाच पत्त्यावरून दोन ठिकाणांहून पाठवून पाहा. ऐकणाऱ्या बाजूला दोघांत काहीच फरक करता येत नाही, हे तिथे कळतं.

त्यानंतर भंगारातून एखादा डॅशबोर्ड किंवा ब्रेकचा संगणक मिळवा. योग्य व्होल्टचा पॉवर सप्लाय, १२० ओहमचे दोन रोध, एक यूएसबी-कॅन अडॅप्टर. काटा स्वतःच्या हाताने हलवून पाहायचा तर तो इथे, टेबलावर.

पायरी ४: खऱ्या ट्रकवर आधी फक्त ऐका

इथे माझी एक चूक सांगणं गरजेचं आहे. सुरुवातीच्या काळात मी एका उभ्या ट्रकला अडॅप्टर लावला. गाडी ५,००,००० वर चालणारी होती आणि माझा अडॅप्टर २,५०,००० वर ठेवलेला, तोही साध्या मोडमध्ये. चुकीच्या वेगाने ऐकणाऱ्याला प्रत्येक संदेश बिघडलेला वाटतो. साध्या मोडमधला अडॅप्टर गप्प बसत नाही, ‘चूक, चूक’ म्हणून प्रत्येक संदेश तोडत राहतो. काही क्षणांत डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागले, काटे खाली पडले. इंजिन बंद होतं म्हणून निभावलं. त्या दिवशी मी संदेश म्हणावा असं काहीही पाठवलं नव्हतं, तरी अख्खं जाळं खाली बसलं. कुठल्याही स्वस्त ट्रॅकरमधल्या चुकीच्या सेटिंगमुळेही हेच होऊ शकतं, त्याला हल्लेखोर लागत नाही.

म्हणून अडॅप्टर जोडण्याआधी तो ‘फक्त ऐका’ मोडमध्ये ठेवा. नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक पोर्टचा रंगही मदत करतो: काळा असेल तर सहसा २,५०,०००, हिरवा असेल तर ५,००,०००. रंगावर विसंबून मात्र राहू नका, अडॅप्टरने खात्री करा.

मग नोंदी घ्या. फक्त किल्ली फिरवलेली, इंजिन उभ्यानं चालू, ब्रेक दाबलेला, क्लच दाबलेला, ट्रेलर जोडलेला आणि सोडलेला. प्रत्येक अवस्थेची पाच-दहा मिनिटं पुरतात. त्यातून एक तक्ता तयार करा: कुठल्या पत्त्यावरून कुठला पीजीएन येतो आणि दर किती वेळाने. इंजिनाचा वेग सेकंदाला पन्नास ते शंभर वेळा येताना दिसेल, कूलंटचं तापमान सेकंदाला एकदा. या लयी फार स्थिर असतात. ट्रक निरोगी असतानाचा हा तक्ता जपून ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत, आणि मी पाहिलेल्या बहुतेक वर्कशॉपमध्ये नेमका तोच नसतो.

तक्त्यात एखादा पत्ता असा निघेल की तो कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. तिथे थांबा. कामाचा दिवस गेला तरी चालेल, पण तो पत्ता कुठल्या डब्याचा आहे हे हार्नेस धरत धरत शोधून काढा.

पायरी ५: दारांची यादी

आता कागद घ्या आणि ट्रकमध्ये बाहेरून आत येणारी प्रत्येक वाट लिहा. मूळ कंपनीचा टेलिमॅटिक्सचा (ट्रकची माहिती दूरवर पाठवणारा) डबा, ज्यात मोबाइलचं सिम असतं. नंतर बसवलेला ट्रॅकर. चालकाच्या तासांची नोंद ठेवणारं उपकरण. संगीत आणि नकाशाचा स्क्रीन. टायरच्या हवेचे बिनतारी सेन्सर. बॉडी बांधणाऱ्यांसाठी सोडलेला कनेक्टर. कॅमेरे. ट्रेलरची जोडणी. डायग्नोस्टिक पोर्ट आणि त्याला लागणारे सगळे लॅपटॉप. विजेवरचा ट्रक असेल तर चार्जिंगचं तोंड.

प्रत्येकापुढे चार उत्तरं लिहा. हा डबा कॅनवर फक्त ऐकतो की बोलतोही? बाहेर कशाने बोलतो: सिम, वाय-फाय, ब्लूटूथ, की काहीच नाही? त्याचं सॉफ्टवेअर कोण आणि कसं बदलू शकतं? आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच आहे का?

जिथे ‘बोलतो’ आणि ‘बाहेर जोडलेला’ ही दोन उत्तरं एकाच ओळीत येतात, तिथे लाल पेन फिरवा. या लाल ओळींवर तुमचा बहुतेक वेळ गेला पाहिजे.

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेत बहुतेक व्यावसायिक ट्रकना चालकाचे तास नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण डिसेंबर २०१७ पासून लागू झालं. त्यामुळे कॅनला जोडलेला आणि वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलेला एकेक डबा प्रचंड संख्येने ट्रकमध्ये गेला. २०२४ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा एका उपकरणाची तपासणी जाहीर केली. कारखान्यातून येतानाच वाय-फाय चालू, पासवर्ड सहज कळण्याजोगा, आणि नवं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) खरं की खोटं हे न तपासताच स्वीकारायची तयारी. त्यांनी शेजारून जाणाऱ्या गाडीतून त्यात शिरून ट्रकचा वेग कमी करून दाखवला. एका ट्रकमधून जवळच्या दुसऱ्या ट्रकमध्ये आपोआप पसरत जाणारा सॉफ्टवेअरचा किडाही या मार्गाने शक्य आहे, हे त्यांनी मांडलं. सुरक्षेच्या नियमासाठी बसवलेला डबाच दार झाला, याचं मला आजही फार वाईट वाटतं. चालक थकू नये म्हणून तो नियम होता.

तुमच्या हातात लगेच असलेल्या गोष्टी: न वापरलेलं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करणं, प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड देणं, वापरात नसलेले जुने ट्रॅकर तारेसकट काढून टाकणं. ‘बंद आहे, राहू दे’ असं म्हणू नका. वीज आणि कॅन दोन्ही जोडलेलं असेल तर ते बंद नाही.

पायरी ६: बोलणाऱ्याला गप्प करा, आणि तेही हार्डवेअरने

एखाद्या ट्रॅकरला इंधन आणि वेग वाचायचा असेल, तर त्याला बोलण्याची गरज नाही. पण ‘आमचं उपकरण फक्त वाचतं’ असं विक्रेत्याने सांगितलं की पुढचा प्रश्न विचारा: ते वाचणं सॉफ्टवेअरने ठरवलंय की हार्डवेअरने?

हा फरक का, ते २०१५ च्या जीप चेरोकीच्या प्रकरणाने शिकवलं. त्या गाडीच्या स्क्रीनला मोबाइल जाळं जोडलेलं होतं. स्क्रीन आणि कॅन यांच्यामधली चिप मुळात फक्त ऐकण्यासाठी प्रोग्रॅम केलेली होती. संशोधकांनी दुरून स्क्रीनमध्ये शिरून त्या चिपचंच फर्मवेअर बदललं आणि तिला बोलतं केलं. नंतर १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ती कार होती, ट्रक नव्हता, पण धडा तोच आहे. सॉफ्टवेअरने घातलेलं कुलूप सॉफ्टवेअर उघडू शकतं.

हार्डवेअरचं कुलूप म्हणजे काय? कॅनशी बोलणाऱ्या ट्रान्सीव्हर चिपची पाठवण्याची तार उपकरणाच्या आतच जोडलेली नाही, किंवा चिपची ‘शांत’ पिन कायमची शांत बाजूला बांधलेली आहे. दुसरा पर्याय म्हणजे तारेवर बाहेरून चिमट्यासारखे बसणारे रीडर. ते आवरण न कापता आतले संकेत वाचतात. फक्त वाचायचं असेल तर मला ते आवडतात, कारण मूळ हार्नेसला हातच लागत नाही.

काही माहिती मागितल्याशिवाय येत नाही, उदाहरणार्थ काही ट्रकमध्ये एकूण इंधनाचा हिशेब. तेव्हा उपकरणाला विनंती पाठवावी लागते, पीजीएन ५९९०४. अशा वेळी मध्ये गेटवे लागतो: एक छोटा संगणक, ज्याच्या एका बाजूला ट्रकची मूळ तार आणि दुसऱ्या बाजूला पाहुणे. गेटवेची यादी ‘काय अडवायचं’ अशी करू नका, ‘काय सोडायचं’ अशी करा. आतून बाहेर हे पंधरा पीजीएन, बाहेरून आत फक्त ही दोन विनंत्यांची नावं, तीही सेकंदाला एकापेक्षा जास्त नाहीत. संख्येवर मर्यादा हवीच, कारण विनंत्यांचाच पाऊस पाडूनही एखाद्या संगणकाला दमवता येतं.

युरोपातल्या मोठ्या ट्रक कंपन्यांनी २००२ मध्ये एफएमएस नावाची सामायिक जोडणी ठरवली, ती याच विचाराची आहे. ट्रकची आतली तार उघडी न करता फ्लीटला लागणारी माहिती गेटवेमागून द्यायची. तुमच्या ट्रकमध्ये ती असेल तर ट्रॅकर तिथेच लावा. बसवणारा माणूस घाईत असला की थेट पोर्टच्या मागच्या तारांना जोडून मोकळा होतो. त्याच्या शेजारी उभं राहा.

पायरी ७: ट्रेलरची गंमत नसलेली गोष्ट

ट्रेलरकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. उत्तर अमेरिकेत ट्रेलरच्या एबीएसमध्ये (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेत) बिघाड झाला तर चालकासमोर दिवा लागला पाहिजे असा नियम २००१ मध्ये आला. जोडणीत नवीन तार घालायला जागा नव्हती, म्हणून विजेच्या तारेवरूनच संदेश पाठवायची पद्धत निघाली, एसएई जे२४९७. लांबलचक उघडी तार अँटेनासारखी वागते. हे संदेश ट्रेलरजवळ काही फुटांवरून रेडिओने ऐकता येतात, आणि रेडिओने बाहेरून घालताही येतात. याबद्दल अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२० आणि २०२२ मध्ये इशारे दिले. इथे पासवर्ड बदलण्यासारखं काही नाही, कारण पासवर्डच नाही. फ्लीटच्या हातात एवढंच: नवा ट्रेलर घेताना त्याचा एबीएस संगणक दिव्याच्या संदेशापलीकडे या मार्गाने काय काय ऐकतो, हे निर्मात्याला लेखी विचारायचं, आणि जुन्यांच्या संगणकांना निर्मात्याने दिलेले उपाय लावून घ्यायचे.

युरोपीय पद्धतीत ट्रॅक्टर (ट्रकचा ओढणारा पुढचा भाग) आणि ट्रेलर यांच्यात वेगळी कॅन असते, आयएसओ ११९९२. ती ट्रकच्या मुख्य तारेपासून अलग ठेवलेली आहे, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट.

पायरी ८: लॅपटॉप

सगळ्यात जास्त अधिकार असलेलं उपकरण ट्रकमध्ये नसतं, ते वर्कशॉपच्या टेबलावर असतं. डायग्नोस्टिक लॅपटॉप ब्रेकचे मापदंड बदलू शकतो, इंजिनाचं फर्मवेअर घालू शकतो, आणि दिवसाला अनेक ट्रकना लागतो. त्यात शिरलेला एक व्हायरस म्हणजे अख्ख्या फ्लीटची वाट.

ट्रकमधल्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलण्याआधी तो संगणक सहसा लॅपटॉपला एक आकडा देतो आणि त्याचं ठरलेलं उत्तर मागतो. याला सीड-की म्हणतात. बऱ्याच जुन्या संगणकांत हे उत्तर काढायचं गणित लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्येच पडलेलं असतं, आणि ते तिथून काढता येतं. म्हणून या कुलपावर भिस्त ठेवू नका.

लॅपटॉप फक्त निदानासाठी वापरा. त्यावर ईमेल नाही, सिनेमा नाही, कुणाचाही पेनड्राइव्ह नाही. चोरीचं, फोडलेलं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर वापरू नका. ते स्वस्तात मिळतं म्हणून अनेक जण वापरतात हे मला माहीत आहे, पण फोडणाऱ्याने त्यात आणखी काय घातलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तुम्ही ते ब्रेकच्या संगणकाला जोडताय. प्रत्येक तंत्रज्ञाचं वेगळं खातं ठेवा आणि नोकरी सोडल्याच्याच दिवशी ते बंद करा. कुठल्या ट्रकमध्ये कोणी काय बदललं याची वही ठेवा, कागदाची असली तरी चालेल.

पायरी ९: पहारा

चौथ्या पायरीतला तक्ता आता कामाला येतो. त्याच्या आधाराने पाहण्यासारख्या खुणा:

सेकंदाला पन्नास वेळा येणारा संदेश अचानक शंभर वेळा येऊ लागला, तर बहुधा दोन जण बोलतायत. खरा पाठवणारा गप्प बसत नाही, म्हणून खोट्याला त्याच्या बरोबरीने ओरडावं लागतं.

तक्त्यात कधीच नसलेला पत्ता दिसला.

गाडी चालू लागल्यावर तासाभराने कुणीतरी पत्त्यावर दावा केला. हे दावे एरवी किल्ली फिरवल्यावरच दिसतात.

पत्ता २४९ रस्त्यावर दिसला. हा बाहेरून जोडलेल्या डायग्नोस्टिक साधनासाठी राखीव आहे. ताशी ७० किलोमीटरने चाललेल्या ट्रकला कुणी वर्कशॉपचं साधन लावत नाही. काही टेलिमॅटिक्सचे डबेही हाच पत्ता वापरतात, तेव्हा आधी तुमच्या तक्त्यात पाहा.

आणि माझ्या मते सर्वांत सोपी, सर्वांत कमी वापरली जाणारी खूण: एखाद्या संगणकाने स्वतःच्या पत्त्यावरून दुसऱ्या कुणाला बोलताना ऐकणं. इंजिनाच्या संगणकाला आपण काय पाठवलं हे माहीत असतं. तारेवर ० या पत्त्याने असा संदेश आला जो त्याने पाठवलाच नाही, तर ती तोतयेगिरी आहे, याला दुसरा अर्थ नाही. संगणक बनवणाऱ्यांशी बोलायची संधी मिळाली तर हे मागा.

खूण दिसल्यावर यंत्राने स्वतःहून इंजिन बंद करावं असं मात्र मला मुळीच वाटत नाही. घाटात, वळणावर, मागे गर्दी असताना चुकीचा इशारा खऱ्या हल्ल्याइतकाच घातक ठरेल. नोंद करा, फ्लीटला कळवा, चालकाला साध्या शब्दांत सांगा. थांबायचं कुठे ते चालक ठरवेल.

पायरी १०: संदेशावर शिक्का

प्रत्येक संदेशाला गुप्त चावीने काढलेला शिक्का आणि पुढे सरकत जाणारा मोजणी-आकडा जोडला, तर खोटा संदेश आणि जुना नोंदवून पुन्हा वाजवलेला संदेश दोन्ही पकडता येतात. कारच्या जगात ऑटोसार या वाहन उद्योगाच्या सामायिक गटाची सेकओसी ही पद्धत हेच करते. जे१९३९ मध्ये अडचण जागेची आहे. आठही बाइट आधीच भरलेले असतील तर शिक्का ठेवायचा कुठे? कॅन एफडी या नव्या पद्धतीत एका संदेशात ६४ बाइट मावतात, आणि ट्रकसाठीचं नवं काम त्याच दिशेने चाललंय. नवख्याने एवढं समजून पुढे जावं. जुन्या ट्रकवर हे नंतर बसवता येत नाही, म्हणून पायरी ५ आणि ६ यांना पर्याय नाही.

नवा ट्रक घेताना विचारायचं

संयुक्त राष्ट्रांचा नियम आर१५५ जानेवारी २०२१ पासून अमलात आहे. वाहननिर्मात्याकडे सायबर सुरक्षेची व्यवस्था असलीच पाहिजे आणि ती गाडी विकल्यानंतरही चालू राहिली पाहिजे, असं तो सांगतो. युरोपीय संघात नव्या प्रकारच्या गाड्यांना तो जुलै २०२२ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२४ पासून लागू झाला, ट्रकसकट. सॉफ्टवेअर बदलण्याविषयीचा सोबतचा नियम आर१५६. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेलं आयएसओ/एसएई २१४३४ हे प्रमाण अभियंत्यांनी काम कसं करावं ते सांगतं. ही नावं खरेदीच्या बैठकीत घ्या. आणि त्याहून महत्त्वाचे प्रश्न: सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षं मिळेल? डायग्नोस्टिक पोर्टमागे गेटवे आहे का? दोष सापडला तर कळवायचं कुणाला, आणि उत्तर किती दिवसांत? ट्रक पंधरा-वीस वर्षं चालतो. पाच वर्षांनी दुरुस्ती थांबणार असेल तर तो आकडा करारात आजच दिसला पाहिजे.

काही घडलंच तर

चालकासाठी एक पान लिहून केबिनमध्ये ठेवा. काटे वेडेवाकडे फिरू लागले किंवा इंजिन पाय न लावता वेग घेऊ लागलं, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, क्लच दाबायचा किंवा गिअर न्यूट्रल करायचा, फूटब्रेकने गाडी कडेला घ्यायची. हवेच्या ब्रेकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स गेलं तरी पायाखालच्या व्हॉल्व्हमधून हवा जाण्याची वाट सहसा राखलेली असते. चालत्या गाडीत किल्ली काढायची नाही, त्याने स्टिअरिंग जड होऊ शकतं. थांबल्यावर पार्किंग ब्रेक, मग फोन.

ट्रक वर्कशॉपमध्ये आला की पहिली सवय असते बिघाडाचे कोड पुसण्याची. पुसू नका. बॅटरीची जोडणी सोडवण्याआधी सगळे कोड वेळेसकट उतरवून घ्या, ‘फक्त ऐका’ मोडमध्ये दहा मिनिटांची नोंद घ्या, निरोगी असतानाच्या तक्त्याशी जुळवा. मग ट्रॅकर, चालकाच्या तासांचं उपकरण आणि बाकी पाहुणे एकेक करून सोडवा आणि प्रत्येक सोडवल्यावर पुन्हा नोंद घ्या. सोडवलेला डबा पुसून पुन्हा दुसऱ्या ट्रकमध्ये लावू नका. त्यावर ट्रकचा क्रमांक आणि तारीख लिहून बाजूला ठेवा, आणि त्याच कंपनीचा तोच डबा आपल्या आणखी किती ट्रकमध्ये आहे, ती यादी त्याच संध्याकाळी काढा.